पदराआडचा वारा

कुंभार पिंपळगावात बसथांब्याकडून बाजाराकडं उतरणाऱ्या रस्त्यावर मच्छिंद्रचं घर होतं. पुढची खोली रस्त्याला लागून, मागं स्वयंपाकाची, तिच्यामागं न्हाणी आणि शेवग्याचं झाड. पुढच्या खोलीला एक दार आणि एक खिडकी. दारावर पाटी होती: लग्नपत्रिका, अर्ज, प्रश्नपत्रिका कॉम्प्युटरवर करून मिळतील. आत डाव्या भिंतीला टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि समोर खिडकीखाली आईची बाज.

दोघांना एकाच खोलीत ठेवण्यावाचून इलाज नव्हता. गिऱ्हाईक रस्त्यावरून येणार म्हणून कॉम्प्युटर पुढं हवा. वाराही रस्त्याच्याच अंगानं येणार म्हणून आई पुढं हवी. झुंबरबाईला तरुणपणापासून दमा होता. बरे दिवस असले की ती चुलीपुढं बसून भाकरी थापायची, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची. वाईट दिवसांत मात्र खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून, तोंड त्यांच्याशी नेऊन बसून राहायची. वारा आला की तिचा चेहरा सैल व्हायचा.

कॉम्प्युटर घरात आला दोन हजार एक साली. त्या दिवशी झुंबरबाई बाजेवरून त्याच्याकडं बराच वेळ पाहत राहिली. आतला पंखा घरघरत होता.

"ह्या बाईला बी दमा हाये का रं?" तिनं विचारलं.

"पंखा हाये त्यो, आई. आतली गरमी भाईर फेकतो."

"तेच तं. माझ्यावानीच धापा टाकून राह्यली." मग आतल्या खोलीकडं तोंड करून ती म्हणाली, "कांते, सवत आली गं तुझी. आता ह्यो दिसभर तिच्याच तोंडाकडं बघंल."

कांता पिठाच्या हातानं दारात आली. "बघू द्या आत्याबाई. मला तेवढीच सुट्टी."

झुंबरबाई हसली आणि हसता हसता खोकली. खोकला सरल्यावर पदरानं तोंड पुसलं. तिच्या पदराला कायम मिश्रीचा वास असायचा, आणि पदराच्या टोकाला कायम एक गाठ. त्या गाठीत तिचं स्वतःचं क्वचितच काही असे. अंगणात, रस्त्यात, कुणाचं काही पडलेलं सापडलं की ती ते पदराला बांधायची आणि ज्याचं त्याला पोचवायची. पोरींच्या कानातल्या फिरक्या, कुणाच्या सदऱ्याचं बटण, कुणाची किल्ली. एकदा कॉम्प्युटरचं झाकण लावताना मच्छिंद्रचा एक बारका स्क्रू हरवला. त्यानं सगळी खोली झाडून काढली. संध्याकाळी आईनं गाठ दातांनी सोडली, स्क्रू त्याच्या तळव्यावर ठेवला आणि त्याची बोटं आपल्या हातानं मिटवली.

"घे. तुझं हाये."

तिला ओव्या पुष्कळ यायच्या. जातं कधीच कोपऱ्याला गेलं होतं, तरी ओव्या तिच्या जिभेवर राहिल्या होत्या. दम्यानं त्या तुटत तुटत यायच्या. वारा सुटला की ही एक ठरलेली:

वारा ग पाव्हणा, आला पांदीच्या वाटंनं
बाळा माझ्या मच्छिंद्रा, दार उघड नेटानं

'पाव्हणा'पाशी तिचा श्वास सरायचा. तिथं ती थांबायची. छातीत बारीक शीळ वाजायची, आणि मग पुढचे शब्द यायचे. लहानपणी तिच्या कुशीत पडून ऐकताना मच्छिंद्रला त्या थांबण्याची भीती वाटायची. तिचा श्वास परत येईपर्यंत तो आपला श्वास रोखून धरायचा. आपण सोडला तर तिचा येणार नाही असं त्याला वाटायचं.

पुढच्या हिवाळ्यात रस्त्याचं काम निघालं. मुरमाचे टिप्पर दिवसभर घरासमोरून जाऊ लागले. इकडच्या काळ्या रानाची धूळ जड असते, ती पायाशी बसते. मुरमाची धूळ तांबडी आणि हलकी. एकदा उडाली की खाली यायचं विसरते. ती खिडकीतून यायची, उन्हाच्या पट्ट्यात तरंगायची, आणि मग खोलीतल्या सगळ्या वस्तू सोडून एकाच दिशेनं चालू लागायची. कॉम्प्युटर तिला ओढून घेत होता.

ऐन लग्नसराईत तो तापून बंद पडला. मच्छिंद्रनं तो चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन जालन्याला नेला. मस्तगडात बद्रीनाथचं दुरुस्तीचं दुकान होतं. दोघांनी कॉम्प्युटरचा कोर्स बरोबरच केलेला. बद्रीनाथनं झाकण काढलं आणि मागं सरकला.

"हे कॉम्प्युटर हाये का उंदराचं बीळ, भाऊ?"

आतल्या पंख्याच्या पात्यांवर लोकर उगवल्यासारखी धूळ बसली होती. बद्रीनाथनं ब्रश घेतला, ब्लोअर घेतला, आणि दुकानात तांबडा धुरळा उठला.

"हे बघ," काम करता करता तो म्हणाला, "समोरच्या ह्या भोकांतून गार हवा आत येती. मागच्या पंख्यानं गरम हवा भाईर जाती. धूळ आत जाऊ द्यायची न्हाई, पण वाट बी बुजवायची न्हाई. वाट बुजवली की मशिन आतल्या आत गुदमरून जाती."

"मंग करू काय? खिडकीतून येऊन राह्यली सगळी."

"खिडकी लावून घे. न्हाईतर भोकांवर कापड बांध. पण नवं नको, नवं कापड हवा कोंडतं. सुती पाह्यजे, जुनं, धुऊन धुऊन विरलेलं. हवा जाईल आन् धूळ अडंल असं."

मच्छिंद्रनं त्यातलं खिडकीचं तेवढं उचललं. ते सोपं होतं.

खिडकीची कडी तुटलेली होती. तो फळ्या ओढून घ्यायचा आणि कामाला बसायचा. थोड्या वेळानं मागून बाज करकरायची, फळी हळूच सरकायची, आणि उन्हाचा पट्टा परत त्याच्या पाठीवर पडायचा.

"आई, धूळ येती गं."

"येऊ दे की. धुळीनं काय मरतंय माणूस? वाऱ्याबिगर मरतंय."

"ह्या पत्रिका होऊ दे. मंग दिसभर उघडी ठिवतो."

"बरं बाबा." ती पडून राहायची. फळी लावलेल्या खोलीत आता दोन घरघरी ऐकू यायच्या, एक टेबलावरून आणि एक बाजेवरून. पत्रिका संपायच्या आणि दुसऱ्या यायच्या.

फाल्गुनात कांता लेकराला घेऊन चार दिवस माहेरी गेली. मच्छिंद्रला छपाईचे कागद घेऊन जालन्याला जाणं भाग होतं. सकाळी निघताना त्यानं पाहिलं, टिप्पर सुरू झाले होते. कालच बद्रीनाथकडून पुन्हा साफ होऊन आलेला कॉम्प्युटर टेबलावर होता. आपण रस्त्याच्या वळणाला जाईपर्यंत फळी सरकलेली असेल, हे त्याला ठाऊक होतं.

त्यानं दोन खिळे घेतले. एक वरच्या अंगाला ठोकला, एक खालच्या.

झुंबरबाई बाजेवर उठून बसली होती. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला तिच्या पापण्या मिटत होत्या.

"संध्याकाळपस्तोरच, आई," तो म्हणाला. "दार नुसतं लोटून चाललो. वाटलं तर दारात येऊन बस."

"जाय तू," ती म्हणाली. "तुझी गाडी हुकंल."

तो परत आला तेव्हा उन्हं कलली होती. दार लोटलेलं होतं तसंच होतं. झुंबरबाई बाजेवर खिडकीशी बसलेली होती, तोंड फळीला लावून, जिथं दोन फळ्यांमधून सुईएवढा उजेड येतो तिथं. तिच्या बोटांच्या टोकांना भिंतीचा चुना लागलेला होता.

मच्छिंद्रनं तिला आधी बाजेवर निजवलं. मग पकड घेतली. खालचा खिळा सरळ आला. वरचा मधेच वाकला, त्याला जोर लावावा लागला. त्यानं खिडकी सताड उघडली. खिळे खिशात टाकले. आणि मग बाहेर येऊन शेजाऱ्यांना हाक मारली.

जो आला त्यानं उघडी खिडकी पाहिली. वाऱ्यानं तिच्या कपाळावरचे पांढरे केस हलत होते. "हवेशीर पडल्या पडल्या गेली," बायका म्हणाल्या. "भाग्याची."

त्याची थोरली बहीण सोनूबाई वाटूरला दिलेली होती. ती अंधार पडायच्या आत आली. रडणं ओसरल्यावर तिनं एकच विचारलं.

"खिडकी उघडी होती ना रे?"

"उघडीच होती, अक्का."

"मंग झालं," ती म्हणाली. "माझ्या मनाला तेवढंच लागून राह्यल्तं."

तिसऱ्या दिवशी राख सावडली. गोदावरीला इकडं गंगाच म्हणतात. मच्छिंद्र कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला, राखेचं गाठोडं सोडलं, आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून खिशातले दोन खिळे राखेबरोबर पाण्यात सोडले. ते बुडताना दिसलेही नाहीत.

आईची लुगडी लेकीला जातात. लेक त्यांची वाकळ शिवते, आणि ती वाकळ आईच्या मायेनं घरातल्या लेकरांवर पडते. दहाव्याला सोनूबाईनं लुगडी बांधून घेतली. एक हिरवं तेवढं तारेवर वाळत राहिलं होतं. "हे आखितीला आले की नेईन," ती म्हणाली. "ह्याचा पदर वाकळीच्या मधोमध लावायचा हाये. घडी करून ठेव."

मच्छिंद्रनं घडी करून ठेवलं.

त्या दिवसापासून खिडकी उघडीच राहिली. सकाळ, दुपार, टिप्पर असोत नाहीतर वावटळ. चौकटीवरची दोन भोकं त्यानं मेणानं बुजवली आणि वरून रंगाचं बोट फिरवलं. एकदा धुरळ्याचा लोट आला तेव्हा कांतानं धावत येऊन फळी ओढली. तो खुर्चीवरून उठून तिच्या अंगावर ओरडला. लेकरू घाबरून रडायला लागलं.

कांता त्याच्याकडं पाहत राहिली. "आत्याबाई होत्या तव्हा तं तुमीच लावीत होते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. त्याला राग चालला असता.

उघड्या खिडकीतून धूळ येत राहिली आणि कॉम्प्युटर पुन्हा तापू लागला. मच्छिंद्रनं भोकांवर नायलॉनची जाळी लावून पाहिली. धूळ तिच्यातून सरळ आत गेली. रुमाल लावला, पंखा कण्हू लागला. तेव्हा त्याला बद्रीनाथचं बोलणं आठवलं. जुनं, सुती, धुऊन धुऊन विरलेलं. घरात असं कापड एकच होतं.

त्यानं पेटी उघडली. हिरवं लुगडं हातात घेतलं तर दुधावरच्या सायीसारखं. पदराच्या टोकाला गाठ तशीच होती, सैल. त्यानं ती सोडली. आत चिमूटभर मिश्रीची काळी पूड होती, बाकी काही नव्हतं. ती त्यानं झटकली, टोक बोटांनी सपाट केलं, कात्री घेतली आणि पदराचा हातभर तुकडा कापला. ही वस्तू आपली नाही, अक्काची आहे, हे कात्री चालताना त्याच्या मनात होतं. कात्री चालतच राहिली.

तुकडा त्यानं कॉम्प्युटरच्या तोंडावर ताणून इलास्टिकनं बांधला. पदराचं टोक एका बाजूला लोंबत राहिलं. मशिन सुरू केली. पंख्यानं हवा ओढली, कापड किंचित आत गेलं, आणि काम चालू राहिलं. दुपारभर खोलीत धूळ तरंगत होती. मशिनच्या अंगाला हात लावला तर गार.

आठवडाभरानं त्यानं झाकण उघडून पाहिलं. आत धुळीचा कण नव्हता. पंख्याची पाती धुतल्यासारखी काळीशार. त्यानं झाकण लावलं आणि काही वेळ टेबलापाशी उभा राहिला. त्याला आनंद व्हायला हवा होता.

कापड धुवायला न्हाणीत नेलं तर पाणी तांबडं व्हायला हवं होतं. ते काळसर झालं, आणि न्हाणीभर मिश्रीचा वास सुटला. तिच्याच पदराचं कापड आहे, वास राहणारच, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

मग एका दुपारी प्रश्नपत्रिका करता करता त्याची नजर तिथं गेली. कापड आत गेलं होतं. पाहता पाहता ते बाहेर आलं. फुगलं. आणि परत आत गेलं.

त्यानं हात थांबवले. आत. बाहेर. आत. मधे एक थांबणं. आणि मग बाहेर. पंख्याच्या घरघरीत त्याला आता लय ऐकू येऊ लागली. ती लय चालत यायची, एका जागी अडकायची, बारीक शीळ वाजायची, आणि पुढं सरकायची. ते अडकणं कुठल्या शब्दापाशी आहे, हे त्याला न आठवता आठवलं.

व्होल्टेज कमीजास्त होत असेल म्हणून तो कॉम्प्युटर पुन्हा मस्तगडला घेऊन गेला. बद्रीनाथनं उघडून आत पाहिलं.

"आतून धुतली का काय? नव्याहून साफ हाये. कापड कोणतं लावलं हे?"

"घरातलंच. बद्रीनाथ, पंखा कधी उलटा फिरतो का?"

"उलटा कशाला फिरंल?"

"म्हंजी आत ओढायच्या ऐवजी, भाईर."

"न्हाई भाऊ. बिलकुल न्हाई. एकाच बाजूनं ओढतो, मरेपस्तोर." त्यानं मशिन सुरू केली. कापड आत गेलं आणि तसंच, गुमान, आत राहिलं. दोघांनी चहा पिऊन होईपर्यंत ते हललं नाही. "बघ. तुझ्या खोलीतलं वारं खेळत असंल. झोप घे जरा. आई गेल्यापासून तोंड बघ कसं झालंय तुझं."

घरी आणून खिडकीसमोर ठेवला तसं कापड परत हलू लागलं.

मच्छिंद्रनं शेवटी एक करून पाहिलं. कांता शेतात गेली असताना त्यानं खिडकीची फळी ओढून घेतली. दार उघडंच ठेवलं, म्हणजे हवा कमी पडायला नको. कापड आत गेलं. भोकांमधे रुतलं, इतकं की एकेका भोकाची खळी वर उमटली. पंखा ओढत राहिला, ओढत राहिला. शीळ बारीक होत गेली. लोंबणारं पदराचं टोक थरथरू लागलं.

त्यानं धावत जाऊन फळी उघडली.

कापड सुटलं. त्याला घाम आला होता. "उघडली," तो म्हणाला. खोलीत कुणीच नव्हतं. "उघडली बघ, आई."

त्यानंतर तो त्या आवाजाजवळ बसून काम करू लागला. इतर कुठं त्याचं मन लागेना. कापड काढून टाकावं असं रोज वाटे. काढलं तर तो श्वास थांबेल, आणि तोही आपल्याच हातानं, असं वाटून हात मागं येई.

आखितीला सोनूबाई आली. आई गेल्यानंतरची पहिली अक्षय्य तृतीया होती. तिनं नवी घागर आणली, पाणी भरलं, वाळा टाकला, वर आंबा ठेवला. पुरणाचा नैवेद्य झाला, जेवणं झाली. कांता भांडी घेऊन मागं गेली. सोनूबाई पुढच्या खोलीत आईच्या बाजेवर येऊन बसली.

"लुगडं दे बाबा. वाकळ मधोमध उघडी पडून राह्यली."

मच्छिंद्र उठला नाही. तिची नजर त्याच्यामागं टेबलावर गेली. ती उठून जवळ आली, वाकली, हिरव्या कापडाला बोट लावलं.

"हा आईचा पदर हाये."

"धूळ जात होती मशिनमधी. दुसरं कापड चालंना, अक्का."

"कापलास?"

"एक तुकडा."

ती त्याच्याकडं पाहत होती. आता बोलेल, ओरडेल, असं त्याला वाटलं, आणि ती ओरडली तर त्यापाठोपाठ आपल्या तोंडून सगळंच बाहेर पडेल असंही वाटलं. तो वाट पाहत राहिला. पण सोनूबाईनं फक्त नाक ओढलं.

"मशिनीची लई काळजी बाबा तुला," ती म्हणाली. "मशिनीला वारा पाह्यजे, धूळ नको. आईला बी तेच लागत होतं."

तेवढ्यात लाइट गेली.

कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. पंखा हळूहळू मंदावत गेला आणि थांबला. आखितीची दुपार, रस्त्याला टिप्पर नाही, माणूस नाही. घागरीतून पाणी पाझरून एकेक थेंब खाली पडत होता.

कापड हलत होतं.

आत. बाहेर. सावकाश, झोपलेल्या माणसासारखं.

सोनूबाई हसली. "वारा कसा खेळून राह्यला बघ." तिनं कापडासमोर तळवा धरला आणि तिचं हसू जरा कमी झालं. "ऊन हाये रे. कुणाच्या तोंडापुढं हात धरावा तसं."

"मशिन तापल्ती," मच्छिंद्र म्हणाला.

"असंल." तिनं हात तसाच ठेवला होता. "बरं केलंस, खिडकी उघडी ठिवतोस. त्या दिवशी बी अशीच होती ना?"

कापड आत गेलं आणि तिथंच राहिलं.

रस्त्यापलीकडचा लिंब हलत होता. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं. अक्काच्या कपाळावरचे केस उडत होते. खोलीभर वारा होता. एक कापड तेवढं थांबलं होतं.

ते थांबणं त्याच्या ओळखीचं होतं. त्यानं आपला श्वास रोखला.

अक्का वाट पाहत होती.

खिळे. दोन खिळे मारले होते, अक्का. एवढंच म्हणायचं होतं.

"होती," तो म्हणाला. "उघडीच होती."

कापड सुटलं. अगदी हळू. लेकराचं खोटं ऐकून आईनं न ऐकल्यासारखं करावं, तसं. मिश्रीचा वास आला आणि गेला. मग कापड सपाट झालं आणि पुन्हा हललं नाही.

सोनूबाईनं डोळे पुसले. "मंग निवांत गेली माझी माय." तिनं इलास्टिक खाली ओढून काढलं. "हे मी नेते. शिवून टाकते तुकडा जागच्या जागी. तू दुसरं काही लाव."

तिनं कापड झटकलं, घडी घालायला टोक हातात धरलं आणि थांबली.

"गाठ हाये की पदराला."

"न्हाई," मच्छिंद्र म्हणाला. "मी सोडल्ती ती."

"ही काय."

गाठ कडक होती. दाबून बांधलेली, बारकी, झुंबरबाईच्या हातची. सोनूबाईनं नखानं पाहिलं, मग दातांनी सोडवली. टोक उलगडलं तसं तिच्या तळव्यावर काही पडलं.

दोन खिळे. एक सरळ. एक मधेच वाकलेला.

"घ्या," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी असताना तिला हसू आलं. "म्हाताऱ्या माणसाला काय सापडंल आन् काय बांधून ठिवंल." तिनं खिळे बोटानं उलटेपालटे केले. वाकलेल्यापाशी तिचं बोट जरा थांबलं. मग तिनं मच्छिंद्रचा हात ओढून घेतला, खिळे त्याच्या तळव्यावर ठेवले आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली.

"घे. तुझेच असतील. आई दुसऱ्याचं काई ठिवून घेत नव्हती."

ती आत गेली. कांताशी बोलू लागली. मच्छिंद्र मूठ तशीच धरून उभा होता. लाइट आली, पंखा सुरू झाला, आणि खिडकीतली धूळ उघड्या भोकांकडं चालू लागली.

त्यानं मूठ उघडली. खिळ्यांना गंगेची वाळू लागलेली होती, आणि ती अजून ओली होती.